बहिरा बाबा

माझा नवरा बहिरा होतो तेव्हा त्याचं तोंड कसं दिसतं ते आधी सांगते. भुवया वर जातात. मान जरा तिरकी होते. उजवा हात कानामागे जाऊन तळव्याची वाटी होते आणि ओठांवर एक समंजस हसू येतं. लग्नानंतर मी त्या हसण्याला प्रेमळ म्हणायचे. आता ते दिसलं की फ्रिजमध्ये मागे ढकललेल्या, आठवडाभर विसरलेल्या डब्याचं झाकण उघडल्यासारखं वाटतं.

"अं? काय म्हणालीस? बाबाला काही ऐकूच येत नाहीये बाई."

हे आमच्या साडेचार वर्षांच्या मुलीला. तिला आम्ही ठकी म्हणतो. जन्मली तेव्हा लाकडी बाहुलीसारखी होती, गोल डोकं, गप्प तोंड, एकटक डोळे. त्यावरून हे नाव पडलं ते पडलंच.

नियम साधा होता. घरात मराठी. आम्ही राहतो त्या परक्या देशाच्या भाषेला आमच्याकडे 'बाहेरची' म्हणतात, बाहेरच्या चपला म्हणतात तसं, आणि दोन्हीची जागा दाराशी. पाळणाघरात, बागेत, दुकानात काय हवं ते बोल. उंबऱ्याच्या आत बाहेरचीत काही मागितलंस तर आईबाबांना ऐकू येणार नाही. दूध असो, खेळणं असो, कडेवर घ्यायचं असो. मराठीत म्हण, लगेच मिळेल.

हा नियम त्याने एकट्याने लादला असं नाही. भीती मलाही होतीच. माझ्या मावसभावाची दोन मुलं आहेत, आमच्यासारखीच परक्या मुलखात वाढलेली. आजीचा फोन आला की ती दोघं स्क्रीनकडे बघून दात काढतात. आजी एकटीच बोलते, एकटीच हसते, स्वतःच्या प्रश्नांची उत्तरंही स्वतःच देते, आणि पाच मिनिटांनी मुलं फोन आईच्या हातात कोंबून पळतात.  माझ्या आईशी माझी मुलगी अशी दात काढून बोलेल, हे मला सहन झालं नसतं.

आणि नियम चालला, हेही खरं. ठकी अडीच वर्षांची असताना मराठीत भांडायला लागली. साडेतीनला टोमणे मारायला लागली. "मला मेलीला कोण विचारतंय," असं ती एकदा सोफ्यावर बसून म्हणाली, हुबेहूब माझ्या आईच्या सुरात, आणि नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून तो बिघडला असं मला वाटतं. भाषा टिकल्याचा आनंद वेगळा आणि ती टिकवणारा कोण हे लोकांना दाखवायची हौस वेगळी. पाहुणे आले की तो मुद्दाम ठकीला काहीतरी मागायला लावायचा. ती चुकून बाहेरचीत बोलली की कानामागे हात. पाहुणे हसायचे. ठकी आधी त्यांच्याकडे बघायची, मग त्याच्याकडे, मग मराठीत मागायची. टाळ्या. मग बिस्किट. आमच्या खालच्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ आपल्या कुत्र्याला असंच पंजा द्यायला लावतात, पण ते निदान त्याबद्दल भाषण देत नाहीत.

मी एकदा म्हटलं, "लोकांसमोर नको करूस हे. लाजते ती."

"लाजत नाही, विचार करते. तिच्या मेंदूत दोन खोल्या तयार होतायत. आपण फक्त दार दाखवायचं."

दार, खोल्या, मेंदू. हे सगळं तो मंडळात बोलायचा. मंडळाचं पुढे येईलच.

आता माझ्या कामाबद्दल. मी पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. नळांचं, विहिरींचं, पोहण्याच्या तलावांचं पाणी बाटल्यांतून येतं. ते गाळायचं, बशीत लावायचं, उबेत ठेवायचं आणि काय उगवतं ते बघायचं. लोकांना वाटतं या कामाने माणूस किळसखोर होतो. उलट आहे. बशीतला जंतू सरळ असतो, जे आहे ते दाखवतो. किळस मला घरी येऊन यायला लागली ती अलीकडे.

आमची एक सहकारी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिची संध्याकाळची शिफ्ट माझ्या गळ्यात आली. म्हणजे सकाळची ठकी माझी आणि संध्याकाळची तिच्या बाबाची. सकाळी मी तिला उठवायचे, दात घासायचे, कपडे, वेणी, दूध, आणि पाळणाघर. संध्याकाळी तो तिला आणायचा, आंघोळ, जेवण, गोष्ट, झोप. मी येईपर्यंत ती झोपलेली असायची. आई म्हणून मला उरलं काय, तर घाईचा भाग.

त्या घाईतही मला दिसत होतं. ठकीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. पूर्वी न हाक मारता उठणारी मुलगी आता मेल्यासारखी पडून राहायची. दूध पिताना खुर्चीच्या कडेवर बसायची, मग दुसऱ्या कडेवर. सोफ्याच्या हातावर घोडा घोडा खेळत पुढेमागे घासायची. चपला घालताना हात मागे जायचा आणि माझी नजर पडली की पुढे यायचा.

"ठके, दुखतंय का कुठे?"

"नाही."

"पोटात?"

"नाही गं आई."

"मग?"

"काही नाही." आणि वर बघून, "बाबा म्हणतो उशीर झाला की बाई रागावतात. चल ना."

मी नवऱ्याला विचारलं, रात्री नीट झोपते का.

"थोडी चुळबुळ करते. मोठी होतेय." हे बोलताना तो स्वतःही खुर्चीत या कुशीवरून त्या कुशीवर होत होता. "ही खुर्ची बदलायला हवी. पाठीची पार वाट लागली माझ्या."

पाठीची वाट लागलेला माणूस पाठ धरतो. हा खुर्चीच्या गादीत खोलवर रुतून बसायचा आणि हळूच इकडेतिकडे सरकायचा. मला ते दिसलं आणि मी सोडून दिलं. नवऱ्याचं सगळंच बघत बसलं तर बाईला दुसरी कामं व्हायची नाहीत.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरात मराठी खूप होती, पण कमरेपासून मांड्यांपर्यंत नव्हती. तिथे शू होती, शी होती आणि बाकी सगळ्याला मिळून 'शेमशेम'. टॉवेल गुंडाळ, शेमशेम. फ्रॉक खाली कर, शेमशेम. उन्हाळ्यात माझी मावशी फोनवर ठकीला म्हणाली, "अगं, जरा ढुंगण टेकून बस एका जागी." ठकीला तो शब्द इतका आवडला की दोन दिवस ती उशीला, भांड्यांना, भोपळ्याला ढुंगण म्हणत होती. बाबाने तिला समोर उभं केलं.

"असं नाही म्हणायचं. घाण शब्द आहे तो."

"मग काय म्हणायचं?"

"काहीच नाही म्हणायचं."

पाळणाघरात मात्र भिंतीवर एका मुलाचं आणि एका मुलीचं चित्र आहे. नाक, कोपर, गुडघा, ढुंगण, आणखी पुढचंही, सगळ्याला सारख्याच अक्षरांत नावं. बाई मुलांना शिकवतात, इथे दुखलं, खाजलं, कोणी हात लावला तर मोठ्या माणसाला सांगायचं. ठकीला ती सगळी नावं पाठ होती. बाहेरचीत.

आता मंडळ. आमच्यासारख्या आईबापांचं रविवारचं मंडळ आहे. वाचनालयाच्या मागची एक खोली मिळते. एकात एक बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीला ओलीचा डाग, मध्ये मुलांसाठी एक सतरंजी. ती कधी धुतात मला माहीत नाही. नाक जवळ नेलं तर उत्तर मिळतं. टेबलावर बिस्किटं, द्राक्षांचा मोठा वाडगा, आणि थर्मासमधला चहा, ज्याला थर्मासचाच वास असतो. मुलं गाणी म्हणतात, मोठी माणसं मुलांकडे बघतात आणि एकमेकांच्या मुलांच्या चुका मनात मोजतात.

अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त गृहस्थ. बोलताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरा फेस जमतो आणि वाक्याच्या शेवटी ते तो जिभेने आत घेतात. आम्ही बायका आपसांत त्यांना 'अनुस्वार' म्हणतो, कारण ते प्रत्येकाच्या डोक्यावर बसलेले असतात.

त्या रविवारी माझ्या नवऱ्याचं मार्गदर्शन होतं. विषय, 'घरातली भाषा: एक प्रयोग'. प्रयोग म्हणजे ठकी. त्याने स्वतः तिला नवा फ्रॉक घातला होता. समोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या, एक मोठी, एक छोटी. मी तिसऱ्या रांगेत होते. माझ्या शेजारी फोन सरसावून बसलेली एक जुळ्या मुलींची आई होती, आणि तिच्या जुळ्या सतरंजीवर द्राक्षं खात, बोटं चोखत, पुन्हा वाडग्यात हात घालत बसल्या होत्या.

"ठकी, काल आपण काय काय केलं ते सांग बरं काकांना."

"काल आपण बाजारात गेलो. मग बाबाची किल्ली हरवली. मग ती बाबाच्याच खिशात सापडली. मग बाबा म्हणाला आईला सांगू नकोस."

खोली हसली. मीही हसले असते, पण माझं लक्ष तिच्या पायांवर होतं. ते एकमेकांवर चढत होते, उतरत होते, आवळत होते.

"बघा, क्रियापदं बघा," अनुस्वार म्हणाले. "कुठे अडखळली नाही पोरगी."

मागून कोणीतरी विचारलं, "पण ती घरी बाहेरचीत बोलतच नाही?"

"बोलते ना. पण ती बोलली की मी बहिरा." पुन्हा हशा. याला हशा चढतो, काहींना दारू चढते तशी. कान लाल होतात.

तेवढ्यात ठकी त्याच्याकडे झुकली आणि बाहेरचीत, अगदी हळू, म्हणाली, "बाबा, खाजतंय."

हात कानामागे. भुवया वर. "अं?"

लोक खूश. असं काही मुद्दाम ठरवून झालं नसतं.

"बाबा, खूप खाजतंय. मागे."

"बाबाला काही ऐकूच येत नाहीये बाई."

माझ्या शेजारणीने फोन वर धरला. "कित्ती गोड," ती पुटपुटली.

ठकीने तिसऱ्यांदा सांगितलं. या वेळी आवाज नव्हता, ओठच हलले. मग ती खुर्चीवरून घसरून उभी राहिली आणि दोन्ही हात मागे, नव्या फ्रॉकवरून दाबून, तशीच थांबली. डोळे भरले होते पण ती रडत नव्हती. आजूबाजूला बघत होती. एवढे सगळे मराठी बोलणारे लोक, आणि तिच्याकडे त्यांना द्यायला एक शब्द नव्हता.

माझा नवरा लोकांकडे वळला. "आता बघा. आता ती शब्द शोधेल. इथे थांबायचं. इथेच आईवडील चुकतात, घाईने मदत करतात."

मी उठले. खुर्ची मागच्या खुर्चीवर आपटली. आणि मी बाहेरचीत, लॅबमध्ये यंत्रांच्या आवाजावरून बोलते त्या आवाजात म्हटलं, "ऐकलं मी ठकी. मला ऐकू आलं. चल."

खोली अशी गप्प झाली की जणू मी जेवणाच्या टेबलावर नाक शिंकरलं होतं. ठकी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने बाबाकडे पाहिलं, त्याची परवानगी आहे का ते. ते तिचं बघणं मला अजून विसरता येत नाही. मी तिला उचललं आणि बाहेर पडले.

वाचनालयाचं स्वच्छतागृह म्हणजे नावापुरतं. फरशी ओली, कोपऱ्यात कागदाचा लगदा, नळ अर्धवट बंद. दाराला कडी लावताच ठकीच्या तोंडून बाहेरचीचा लोंढाच फुटला. इतक्या जलद ती बोलू शकते हे मला माहीतच नव्हतं. मागे खाजतं. आत खाजतं. रात्री जास्त. रात्री काहीतरी चालतं. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या घरी सांग. घरी सांगितलं. आंघोळ करताना सांगितलं. गोष्ट वाचताना सांगितलं. रोज सांगितलं.

"कोणाला?"

"बाबाला."

"मला का नाही सांगितलंस बेटा?"

ती गोंधळली. "तू पण घरीच असतेस ना." एवढंच म्हणाली. घर म्हणजे मराठी, मराठीत सांगायला काही नाही, आणि बाहेरचीत बाबाला ऐकू आलं नाही तर मला कुठून येणार. तिच्या हिशोबात यात विचारण्यासारखं काय होतं?

मी तिची चड्डी खाली केली. कातडी लालभडक होती, ओरबाडून ओरबाडून ठिकठिकाणी सोललेली. तिला शीला बसवलं. नंतर वाकून पाहिलं, कारण माझी नजरच तशी तयार झालीय, मी सगळ्यात वाकून बघते. पांढऱ्या दोऱ्याचे बारीक तुकडे. एक हलला. मग दुसरा. मग सगळेच.

जंत. लहान मुलांना होतात, गोळीने जातात, त्यात जगबुडी काही नाही. मी तिला हळूच धुतलं, कोरडं केलं, माझा ओला रुमाल तिथे धरला. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून एकदम सैल पडली. मळमळ मला झाली ती यानंतर.

दारावर टकटक. "झालं का गं? लोक थांबलेत."

मी कडी काढली. "जंत झालेत तिला."

"हळू बोल ना." त्याने मागे वळून पाहिलं. मग म्हणाला, "अच्छा. तेच असणार मग."

"तेच म्हणजे?"

"अगं, त्या पाळणाघरातल्या बाई म्हणत होत्या. दोन-तीन मुलांना झालंय, घरी बघा म्हणून."

"कधी म्हणाल्या?"

"मागच्या… नाही, त्याच्या आधीच्या आठवड्यात असेल. माझ्या डोक्यातून गेलं."

"आणि ही तुला रोज सांगत होती."

"बाहेरचीत सांगत होती गं." हे त्याने असं म्हटलं की जणू त्यात उत्तर आलं.

मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. दाढी नीट केलेली, शर्ट इस्त्रीचा, खिशाला पेन. दिवसभर तो ऑफिसात त्याच भाषेत बोलतो, त्याच भाषेत भांडतो, त्याच भाषेत पगारवाढ मागतो.

"तुला कळत होतं."

"म्हणजे… कळतं की. न कळायला काय झालं? पण एकदा सूट दिली की संपलं. मला वाटलं, मराठीत सांगेल."

"कुठल्या शब्दात?"

"काय?"

"मराठीतल्या कुठल्या शब्दात सांगणार होती ती? तू दिलेला एक तरी शब्द सांग."

त्याने तोंड उघडलं. मग ठकीकडे पाहिलं आणि मिटलं. आंघोळीच्या वेळी, उघडी, साबण लागलेली मुलगी याला सांगतेय की मला त्रास होतोय. आणि हा हात कानामागे नेतोय. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. जगात वाईट बाप असतात, मारणारे, सोडून जाणारे. हा रोज गोष्ट वाचून दाखवणारा. याच्याबद्दल कोणाला सांगणार आणि काय सांगणार?

मी ठकीला कडेवर घेऊन पुन्हा खोलीत गेले. तो मागून "अगं, अगं" करत आला. मुलं सतरंजीवर लोळत होती. द्राक्षांच्या वाडग्यात तीन हात होते.

"एक मिनिट ऐका," मी म्हटलं, मराठीत. "ठकीला जंत झालेत. मुलं इथे एकाच सतरंजीवर लोळतात आणि एकाच भांड्यात हात घालतात. घरी गेल्यावर सगळ्यांनी आपापल्या मुलांची ढुंगणं तपासा. रात्री, झोपल्यावर, दिवा लावून. आणि नखं कापा."

कोणी द्राक्षांकडे पाहिलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. एका बाईने आपल्या मुलाच्या कानावर हात ठेवला.

अनुस्वारांनी फेस आत घेतला. "ताई, भावना समजतात. पण जरा शब्द सांभाळा. मुलं आहेत इथे."

"मुलांबद्दलच बोलतेय काका."

"कृमी म्हणता येईल. गुदद्वार म्हणता येईल. आपली भाषा काही दरिद्री नाही."

"साडेचार वर्षांच्या मुलीने तुमच्याकडे येऊन, काका, माझ्या गुदद्वारी कृमी झाल्या आहेत, असं सांगायचं का?"

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं आणि खोकल्यात लपवलं. अनुस्वार म्हणाले, "झाले आहेत. कृमी पुल्लिंगी." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. सवयीने म्हटलं. म्हणूनच मला तिथे उभं राहवेना. मुलांचा वाडगा आता त्यांच्या हातात होता, द्राक्षं अर्धी उष्टी, आणि बोटांना रस लागलेला. ते एक द्राक्ष तोंडात टाकून लिंग सांगत होते.

जुळ्यांच्या आईने एव्हाना फोन खाली ठेवला होता. ती वाकून आपल्या एका मुलीच्या कानात काहीतरी विचारत होती, बाहेरचीत. मुलीने लगेच जोरात होकाराची मान हलवली आणि बहिणीकडे बोट दाखवलं. म्हणजे हिलाही खाजतं. आईने चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं. आमची नजर भिडली. तिने तो वाडगा अनुस्वारांच्या हातातून काढून घेतला आणि सगळी द्राक्षं कचऱ्याच्या पिशवीत ओतली.

औषधाच्या दुकानातल्या बाईने एक प्रश्न विचारला, "घरात माणसं किती?" आणि प्रत्येकासाठी गोळी दिली. सगळ्यांनी आजच घ्यायची, दोन आठवड्यांनी पुन्हा. चादरी, टॉवेल, कपडे कडक पाण्यात. मला हे माहीत होतं, पण दुसऱ्या कोणाच्या तोंडून सरळ वाक्यं ऐकून बरं वाटलं.

घरी मी आधी ठकीला आंघोळीला नेलं. कोमट पाणी, मऊ कापड.

"हे काय?" मी विचारलं.

ती बाहेरचीत, सावधपणे, तो शब्द म्हणाली.

"बरोबर. आणि मराठीत ढुंगण."

"बाबा म्हणतो म्हणायचं नाही."

"आई म्हणते म्हणायचं. आणि हे? याला शूची जागा म्हण. तिथे कोणी हात लावला, खाजलं, आग झाली, तर जो शब्द आधी येईल तो म्हण. कुठल्याही भाषेचा. ओरडून म्हण."

"घरात पण?"

"घरात पण."

"आणि बाबाला ऐकू नाही आलं तर?"

मी तिच्या पाठीवर पाणी ओतत राहिले.  "तर मला फोन कर," मी म्हटलं. "बाईंना सांगून कर. बाटल्या तिथेच टाकून येईन मी."

तिने मग सगळे शब्द एकामागून एक म्हणून पाहिले, आधी बाहेरचीत, मग मराठीत, फरशीवरच्या फेसाला, बादलीला, साबणाला. ढुंगण दोनदा. नखं कापून घेतली, एकही हात मागे न घेता.

स्वयंपाकघरात नवरा त्याच्या खुर्चीत बसला होता.  मला बघून म्हणाला, "लोकांसमोर तमाशा केलास."

मी ठकीसमोर गोळी ठेवली, पाणी ठेवलं. माझी मी चावून टाकली. खडूसारखी चव. तिसरी त्याच्यासमोर ठेवली.

"मला कशाला? मला काही नाही."

"सगळ्यांनी घ्यायची आहे."

"अगं, पण मला काही होतच नाहीये. विनाकारण औषधं…" बोलताना तो खुर्चीत सरकला. गादीत रुतला. आधी डावीकडे, मग उजवीकडे. या वेळी मी बघत राहिले.

ठकीही बघत होती. ती आपली गोळी चावून, तोंड वाकडं करून, ग्लास दोन्ही हातांनी धरून बसली होती. ग्लास खाली ठेवून तिने बाबाला बाहेरचीत काहीतरी विचारलं.

त्याचा हात वर आला. त्याने मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. तो हात आता आपोआपच उठतो. पण तो कानामागे गेला, तळव्याची वाटी झाली, आणि तो तसाच थांबला, कारण मी समोर उभी होते.

ठकीने जरा वाट पाहिली. तिला नियम माहीत होता. तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि स्वच्छ, खणखणीत मराठीत, ज्या मराठीसाठी त्याच्या डोळ्यांत पाणी येतं त्या मराठीत विचारलं,

"बाबा, तुझं पण ढुंगण खाजतं का रात्री?"

हात कानामागेच होता. आता त्याचा काही उपयोग नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग गोळीकडे. कान लाल झाले होते, दुपारी झाले होते तसेच.

"हो," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"बरेच दिवस."

"मग सांगायचं ना," ठकी म्हणाली, आणि उरलेलं पाणी प्यायली.

त्याने गोळी घेतली आणि भिंतीकडे बघत चावत बसला. त्याच्या दातांखाली ती फुटत असल्याचा आवाज येत होता. मी त्याला उभं राहायला सांगितलं. खुर्चीवरची गादी दोन बोटांनी उचलली, हात अंगापासून लांब धरून धुण्याच्या यंत्रापर्यंत नेली आणि चादरींच्या वर टाकून सगळ्यात गरम पाण्याचं बटण दाबलं.